सहाची अट आणि झेंडूचा पडदा : एका दिवाळी पहाटेची प्रकाशयोजना

पोलीस परवानगीचं पत्र आलं तेव्हा माझा लाईटचा प्लॉट (कुठला दिवा कुठे आणि कधी, याचा आराखडा) तयार होता, सामानाची यादी लाईटवाल्याकडे पोचली होती आणि गाणाऱ्या बुवांनी रागांचा क्रमही कळवला होता. पत्रात तसं नवीन काहीच नव्हतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत आणि त्यांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सूट देऊ शकतं, पण ती रात्री दहा ते बारा एवढीच. पहाटे पाचसाठी सूट अशी नाहीच. बंद सभागृहांना ही अट लागू होत नाही, म्हणून नाट्यगृहांतल्या दिवाळी पहाटा खरोखरच पहाटे सुरू होतात. आमचा कार्यक्रम मात्र पुण्याच्या एका उपनगरातल्या मैदानावर होता. आधीची काही वर्षं तिथे सव्वापाचला तानपुरा लागायचा आणि कुणी बोलायचं नाही. या वेळी शेजारच्या सोसायटीतून अर्ज गेला होता, आणि पत्रात ‘सकाळी सहानंतर’ या शब्दांखाली निळ्या पेनाने रेघ मारलेली होती.

संस्थेच्या चिटणीसकाकांनी ती बातमी फार सहज सांगितली. “सव्वापाचाच्या ऐवजी सहा. पाऊण तास इकडे-तिकडे. लोकांना उलट बरंच, अभ्यंगस्नान आटपून येतील.” मंडपवाल्याला काही फरक नव्हता, साऊंडवाल्याला नव्हता, चहा-पोहेवाल्याला तर नव्हताच. माझी मात्र त्या पाऊण तासात रात्र गेली होती.

ऑक्टोबरच्या शेवटी पुण्यात सूर्योदय साडेसहाच्या पुढे चार-पाच मिनिटांनी होतो. पण उजाडायला सूर्य उगवावा लागत नाही. सूर्य क्षितिजाखाली बारा अंशांवर येतो तेव्हाच, म्हणजे पावणेसहाच्या सुमाराला, पूर्वेचं काळं निळं व्हायला लागतं. सहा अंशांवर येतो तेव्हा सहा-बारा झालेले असतात. उघड्यावर साधारण तीन-चार लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड असतो आणि समोरच्याचा चेहरा ओळखू येतो. तिथून सूर्योदयापर्यंतच्या बावीस-तेवीस मिनिटांत तोच उजेड चारशे लक्सच्या आसपास जातो, म्हणजे शंभरपटीहून जास्त. दर सव्वातीन मिनिटांना उजेड दुप्पट. असा फेड, म्हणजे उजेडाचा चढ-उतार, कुठल्याही कन्सोलवर (दिवे चालवायच्या पाटीवर) कुणी लिहीत नाही, आणि हा तर माझ्या कन्सोलवर नव्हताच.

मूळ प्लॉट सव्वापाचच्या हिशोबाने केलेला होता. तासभर गडद अंधार, त्यात निळ्या-जांभळ्या पार्श्वभूमीवर कोमट पांढऱ्या उजेडातले बुवा, मागे रंग हळूहळू बदलत जाणारा सायक्लोरामा (मागचा मोठा सपाट पडदा), आणि उजाडायच्या आत हे सगळं आवरून साधा पांढरा उजेड. सहाला सुरू करायचं म्हटल्यावर त्यातली पहिली बाराएक मिनिटं कशीबशी खरी राहत होती. उरलेल्या दोन तासांत माझे रंग कुणाला दिसणारच नव्हते.

काय काय करता आलं असतं? बैठकीत तीन सूचना आल्या. एक, चारही बाजूंनी आणि वरून काळं कापड लावून मंडप बंद करायचा आणि आत रात्र करायची. खर्च सोडला तरी, दिवाळीच्या सकाळी नवे कपडे घालून आलेल्या माणसांना काळ्या डब्यात कोंडणं मला पटत नव्हतं. त्यांना पहाट बघायची असते, गाणं तिच्यात ऐकायचं असतं. दोन, “लावू हो, कोण येतंय बघायला!” ही सूचना देणारे गृहस्थ परवानगीच्या अर्जावर सही करणारे नव्हते. तीन, लाईटच कमी करू, नाहीतरी उजेडच असणार. ही सूचना खजिनदारांची होती आणि ती जवळजवळ बरोबर होती. सातनंतर दिव्यांचं काम खरंच फार कमी उरतं. पण सहा ते सात हा तास राहतोच, आणि बुवा ललित-भैरव त्याच तासात गाणार होते.

मग मी निराळ्या बाजूने विचार करायला लागले. कार्यक्रमातला सगळ्यात मोठा दिवा आपल्या हातात नाही, पण तो किती वाजता किती लागणार हे बऱ्यापैकी माहीत आहे. त्याच्याशी भांडण्यापेक्षा त्यालाच एखादा क्यू, म्हणजे प्रकाशबदलाचा इशारा, देता येईल का? हा प्रश्न सुचल्यावर पुढचा बराचसा प्लॉट आपोआप खोडला गेला.

रंगमंचाचं तोंड

खुल्या जागेत सकाळचा कार्यक्रम असेल तर प्रकाशयोजनाकाराला सगळ्यात आधी विचारायला हवी अशी गोष्ट म्हणजे रंगमंचाचं तोंड कुठे. आणि ती ठरते सगळ्यात आधी, ट्रक कुठून आत येतो यावरून. मी मैदानावर पोचले तेव्हा मंडपवाल्याने पूर्वेच्या कडेला खांब रोवून ठेवले होते. “ताई, खांब पुरून झालेत, आता काय ते कापडाचं सांगा.” म्हणजे कलाकारांची पाठ पूर्वेला, प्रेक्षकांची तोंडं पूर्वेकडे. ऐन कार्यक्रमात सूर्य रंगमंचाच्या मागून उगवणार.

पहिल्या झटक्यात हे वाईटच वाटतं. मागे आकाश उजळत गेलं की पुढे बसलेला गायक काळा पडतो. आपला डोळा चौकटीतल्या सगळ्यात उजळ गोष्टीशी जुळवून घेतो. तिथे आकाश असेल तर आठशे लक्समध्ये बसलेले बुवासुद्धा सावलीत बसल्यासारखे दिसतात. रंगमंच उलटा, पश्चिमेच्या कडेला केला असता तर सूर्याचा उजेड फुकटात चेहऱ्यावर मिळाला असता, पण आठच्या सुमाराला तबलजीने डोळे किलकिले करूनच वाजवलं असतं. तिसरा पर्याय दक्षिणेच्या कडेला, उत्तरेकडे तोंड करून. त्यात उजेड बाजूने येतो, चेहऱ्याला आकार मिळतो. मला तो मनापासून हवा होता. साऊंडवाल्याने एका वाक्यात मोडीत काढला. उत्तरेला तीच सोसायटी होती, जिने अर्ज केला होता, आणि स्पीकरची तोंडं थेट तिच्या बाल्कन्यांकडे झाली असती.

तेव्हा खांब आहेत तिथेच राहिले. मी मंडपवाल्याकडून दोन गोष्टी मागितल्या. रंगमंचाची पाठ आणि दोन्ही बाजू खालपासून वरपर्यंत बंद, कुठेही फट नको. आणि छप्पर पुढे ओढलेलं, समोर खोल काळी झालर. म्हणजे प्रेक्षकाला बुवांच्या मागे आकाश दिसणार नाही, वर दिसेल. रंगमंच एक खोल, अंधारी पेटी झाला, आणि तिची पाठ सूर्याकडे असल्यामुळे आत थेट ऊन येण्याचा प्रश्नच मिटला. पुढून, पश्चिमेच्या आकाशाचा पसरट उजेड तेवढा आत शिरणार. तो किती आणि कधी, हे मोजायचं राहिलं.

आदल्या आठवड्यात एका पहाटे लक्समीटर घेऊन मैदानावर गेले. रंगमंच अजून उभा नव्हता, पण पूर्वेच्या बाजूला खेळाचं सामान ठेवायची शेड होती आणि तिचा व्हरांडा नेमका पश्चिमेकडे उघडा होता. दर पाच मिनिटांनी एक आकडा उघड्यावरचा, एक व्हरांड्यातला. व्हरांड्याच्या तोंडाशी उघड्यावरच्या साधारण एक पंचमांश उजेड पोचत होता, आतल्या भिंतीवर एक दशांश. सूर्योदयाला भिंतीवर चाळीस लक्स. सातला तोंडाशी पाचशेच्या पुढे. साडेसातला हजाराच्या वर, म्हणजे तिथून पुढे दिवे असले काय नसले काय. मोबाइलवर दिशा पाहिली तर त्या दिवसांत सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, पंधरा अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. मैदानापलीकडे त्या बाजूला सात मजली इमारत होती. सूर्य तासाला तेरा-चौदा अंश चढतो, त्यामुळे तिच्या डोक्यावरून मैदानात ऊन यायला जवळजवळ आठ वाजणार होते. बांधकामवाल्याने नकळत केलेली मदत म्हणायची.

पडदा

भिंतीवरचा तो चाळीस लक्सचा आकडा डोक्यात घोळत राहिला. बुवांच्या मागच्या पडद्यावर सूर्योदयाला जेमतेम चाळीस लक्स पांढरा उजेड पडणार आणि पुढच्या दहा मिनिटांत तो दुपटीवर जाणार. समजा त्याआधी पडद्यावर माझा पन्नास-साठ लक्स निळा प्रकाश असेल आणि मी तो उतरवत नेला, तर सूर्योदयाच्या आगेमागे पडदा माझ्या हातातून दिवसाच्या हातात जाईल. मग पडदा असा हवा की जो निळ्यात एक दिसेल आणि दिवसाच्या उजेडात दुसराच.

झेंडू. झेंडूच्या पिवळ्या-केशरी रंगद्रव्यांचं काम म्हणजे नेमका निळा प्रकाश शोषून घेणं. म्हणून तर तो आपल्याला पिवळा-केशरी दिसतो. त्याच्यावर फक्त निळाच टाकला तर परत फेकायला त्याच्याकडे काही नसतं आणि फूल काळपट राखाडी दिसतं. लाईटवाल्याच्या गोदामात शटर ओढून, एका एलईडी पारखाली (पार म्हणजे पसरट झोताचा साधा दिवा) दोन किलो झेंडू ठेवून बघितला. निळा चॅनल एकटा चालू असताना टोपलीत कोळसा भरल्यासारखा दिसला. शटर वीतभर वर केलं आणि केशरी रंग उसळून आला. जुन्या हॅलोजनवर निळं जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावूनही पाहिलं, तिथे हे होत नाही: गडद निळ्या जिलेटिनमधून थोडा लाल निसटतोच आणि हॅलोजनमध्ये लाल भरपूर असतो, त्यामुळे फुलं मळकट तपकिरी दिसतात. एलईडीच्या निळ्याला ही गळती नाही. नाटकवाले एलईडीच्या रंगांना नावं ठेवतात, मीही ठेवते, पण इथे त्यांचा तो कोरडेपणाच कामाला आला.

डेकोरेशनवाल्याने झेंडूत पांढरी शेवंती मिसळायचं ठरवलं होतं, ती काढायला लावली. पांढरं फूल निळ्यात लख्ख उठून दिसतं आणि सगळा डाव उघडा पडतो. निशिगंधाच्या पाच-सहा माळा मात्र मुद्दाम ठेवल्या, विखुरलेल्या. अंधारात त्या निळसर चमकणार आणि उजाडलं की केशरी गर्दीत मागे सरकणार.

खरं अवघड काम याच्या पुढचं. पडद्यावर दिवसाआधी पांढऱ्या उजेडाचा एक थेंबही पडता कामा नये, आणि त्याच्यापुढे बसलेल्या माणसांचे चेहरे तर पांढऱ्या उजेडातच हवेत. पुढून सरळ मारलेला पार चेहऱ्यावरून पुढे जाऊन पडद्यावर आपटतो. म्हणून बैठक पडद्यापासून चौदा फूट पुढे घेतली, पुढच्या ट्रसवर (दिवे टांगायच्या आडव्या सांगाड्यावर) पारऐवजी प्रोफाइल, म्हणजे आतल्या पात्यांनी झोताची कड कापता येणारे दिवे, लावले, कोन पंचेचाळीस अंशांचा, आणि प्रत्येकाची मागची कड अशी कापली की उजेड बैठकीच्या मागच्या काठावर संपेल. तरीही पडद्याचा खालचा भाग उजळत होता. कारण बैठक स्वतःच. गादीवरची पांढरीशुभ्र चादर वरून आलेला उजेड उचलून मागे फेकत होती. मंडपवाल्याला म्हटलं, चादर गडद मरून घाला. तो थांबलाच. “ताई, गाण्याच्या बैठकीला पांढरी चादर नाही? लोक काय म्हणतील?” शेवटी चिटणीसकाकांनी परवानगी दिली, पण लोडांची खोळ पांढरीच राहिली. लोड साथीदारांच्या पाठीमागे झाकले गेले, म्हणून चाललं.

कुणाला काय हवं होतं

बुवांना भेटायला गेले तेव्हा त्यांना माझ्या पडद्यात फार रस नव्हता आणि असण्याचं कारणही नाही. तो त्यांच्या पाठीमागे असणार. त्यांच्या अटी ठरलेल्या होत्या. डोळ्यांत दिवा नको. तबला आणि पेटी, दोघांचे चेहरे दिसले पाहिजेत, नुसते हात नाहीत. आणि धूर बिलकुल नको, गळा बसतो. क्रमाबद्दल विचारलं तर म्हणाले, “ललित खरा याच्या आधीचा. पण सहाला सुरू करतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत आवरतो. भैरव उजाडतानाच येईल, ते बरंच झालं.” ललित आणि भैरव दोन्ही संधिप्रकाशाचे राग, घड्याळ पाऊण तास सरकल्यामुळे ललितचं थोडं बिनसलं होतं आणि भैरवचं जमलं होतं. मी त्यांना एकच विचारलं, भैरव साडेसहाच्या आधी सुरू होईल ना? “तू तुझं बघ गं, मी माझं बघतो,” म्हणाले. होईल, असा त्याचा अर्थ मी घेतला.

धूर नाही म्हटल्यावर शार्पीचा, म्हणजे फिरत्या बारीक झोताच्या दिव्यांचा, विषय संपला. शार्पीचा झोत हवेत दिसतो तो हवेत काहीतरी तरंगत असतं म्हणून. हेझर, म्हणजे पातळ धूर सोडणारं यंत्र, नसेल तर छपरावर फिरणारे ठिपके तेवढे दिसतात. संस्थेने सोळा शार्पी आधीच सांगून ठेवले होते, कारण गेल्या लग्नसराईत कुणाच्या तरी संगीतात पाहिले होते. लाईटवाला कुरकुरला, बिल खाली येणार होतं. त्याच्याकडे नाटकांच्या दौऱ्यांसाठी घेतलेले एलईडी प्रोफाइल पडून होते, ते शार्पींच्या जागी आले आणि त्याचाही चेहरा जरा उजळला.

प्रायोजकांचं प्रकरण जड गेलं. त्यांना बुवांच्या मागे एलईडी वॉल हवी होती, झेंडू नव्हे. वाद घालण्याऐवजी त्यांच्या माणसाला भर दुपारी वॉलवाल्याच्या गोदामात नेलं आणि दारात उभ्या केलेल्या इनडोअर पॅनेलवर त्यांचाच लोगो लावून दाखवला. हजार निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजळपणाचं माप) आसपासचं पॅनेल दिवसाच्या उजेडात धुतल्यासारखं फिकट दिसतं. चार-पाच हजार निट्सची आउटडोअर पॅनेलं दोन्ही बाजूंना लहान आकारात लावायची आणि ती सातपर्यंत बंद ठेवायची, यावर मिटलं.

आणि सत्कार. आधीच्या वर्षी तो सुरुवातीलाच होता. सहाच्या आधी माईक नाही आणि सहानंतरची एक-एक मिनिट महागाची, तेव्हा मी सुचवलं की सत्कार पावणेसहाला माईकशिवाय होऊ द्या. पाहुण्यांच्या कार्यालयातून लगेच निरोप आला, साहेब सात वाजता येतील. सात वाजता भरपूर उजेड असतो, फोटोही चांगले येतात. माझ्या मनासारखी झालेली ही एकमेव गोष्ट, जी मी मागितली नव्हती.

ती सकाळ

दव पडलेलं होतं. ऑक्टोबरअखेर मैदानावर पडतंच. दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या सगळ्या डिमर-रॅकवर आणि कन्सोलवर रात्रभर प्लास्टिक, केबलचे जोड जमिनीपासून वर विटांवर, आणि जनरेटर दोन, साऊंडचा वेगळा आणि लाईटचा वेगळा. शास्त्रीय गाण्यात हे टाळून चालत नाही. तानपुऱ्याच्या चार तारांखाली डिमरची घूं-घूं ऐकू यायला लागली तर साऊंडवाला आधी माझ्याकडे बघतो. रंगमंचावर अशी घूं-घूं करणाऱ्या थायरिस्टर डिमरवर चालणारा एकही दिवा नव्हता; डिमर होते ते फक्त मैदानाच्या कडेच्या आकाशकंदिलांसाठी, दूर.

पावसाळा संपल्यानंतरच्या आठवड्यांत दिव्यांवर किडे येतात आणि तोंड उघडून आकार लावणाऱ्या माणसासाठी ही गंभीर बाब आहे. किड्यांना पांढरा-निळसर उजेड जास्त ओढतो. म्हणून वाहनतळाच्या पलीकडे, रंगमंचापासून लांब, दोन प्रखर पांढरे दिवे चार वाजल्यापासून जळत ठेवले होते आणि रंगमंच सहापर्यंत जवळजवळ अंधारात. सगळे किडे तिकडे गेले असं नाही, पण बुवांच्या तोंडात एकही गेला नाही.

सव्वापाचला फाटक उघडलं. त्या वेळचा अंधार माझाच होता, त्यात माईक लागत नव्हता. लोक आले ते कंदिलांच्या खालून, पणत्यांच्या रांगेतून, आणि समोर निळसर काळोखात निशिगंधाच्या तुटक रेषा. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. दहा मिनिटं आधी साथीदार येऊन बसले आणि तानपुरे जुळले, अर्थातच माईकशिवाय. ठीक सहाला साऊंडवाल्याने फेडर वर घेतला.

चेहऱ्यांवर सुरुवातीला फक्त दीडशे लक्स, रंग बत्तीसशे केल्विन, म्हणजे पिवळसर. आजूबाजूच्या काळोखात तेवढे पुरतात. पुढच्या तासात मला चेहऱ्यांचा उजेड आठशेपर्यंत चढवायचा होता आणि त्याच वेळी त्याचा रंग बत्तीसशेवरून छप्पन्नशेकडे, दिवसाच्या पांढऱ्याकडे, न्यायचा होता; नाहीतर सातच्या उजेडात बुवांना कावीळ झाल्यासारखी दिसली असती. पडद्याचा निळा त्याच्या उलट, खाली. हे सगळं वेळेच्या फेडवर सोडता आलं असतं, पण मी तीन सबमास्टर (दिव्यांच्या एकेका गटाचे सरकते खटके) हातात ठेवले आणि समोर लक्समीटर.

ते बरं झालं, कारण त्या सकाळी माझे आकडे चुकत होते. नरक चतुर्दशी, चार वाजल्यापासून आजूबाजूला फटाके चालू होते आणि वारा नव्हता. धुराचा एक पातळ थर मैदानावर बसला होता, वर ढगांचीही साय होती. बुवांनी हेझरला नाही म्हटलं तरी गावाने फुकट हेझ दिलं होतं. सूर्योदयाच्या वेळेला पडद्यापाशी चाळीसच्या जागी पंधराच लक्स आले. उजेड सहा-सात मिनिटं मागे होता. वेळेचा फेड लावला असता तर निळा गेलेला आणि दिवस न आलेला, असा मधेच एक काळा खड्डा पडला असता.

बुवांनी साडेसहाच्या दोन-तीन मिनिटं आधी ललित संपवला, टाळ्या झाल्या, पेटीवर भैरवचे सूर आले. पडदा अजून काळाच. मी निळा आणखी खाली आणला नाही, थांबले. पावणेसातच्या थोडं आधी मीटर चाळिशीवर आला आणि मग मी निळा सोडायला लागले, इतका हळू की माझ्या शेजारच्या पोऱ्याला फेडर हलतोय हे कळत नव्हतं. झेंडू असा एका क्षणी ‘लागला’ नाही. आधी वरच्या कडेला, जिथे आकाश जवळ होतं, तिथे मळकट तांबूस छटा आली. मग ती खाली उतरत गेली. विलंबित संपून द्रुत सुरू झालं तेव्हा पूर्ण पडदा केशरी होता आणि माझा निळा शून्यावर होता. प्रेक्षकांतून काही ‘आहा’ वगैरे आलं नाही. आलं असतं तर मला वाटलं असतं जरा घाई झाली. पुढच्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला विचारत होत्या, “ही फुलं मघाशी नव्हती ना गं?”

सातला सत्कार झाला, बाजूची पॅनेलं लागली, लोगो स्वच्छ दिसले. त्यानंतर अभंग, नाट्यपदं, शेवटी भैरवी. या पूर्ण तासात दिव्यांचं काम एकच होतं, छपराच्या सावलीत बसलेल्यांच्या भुवयांखालचा अंधार घालवणं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आठच्या सुमाराला इमारतीच्या डोक्यावरून ऊन आलं, ते रंगमंचाच्या उजव्या बाजूने. तिथली कनात आधीच पंधरा फूट पुढे वाढवून घेतली होती, त्यामुळे पुढच्या निम्म्या लोकांना त्रास झाला नाही. मागच्या रांगांवर ऊन पडलंच. तिथल्या लोकांनी खुर्च्या उचलल्या आणि झाडाखाली नेल्या. त्यांच्यापर्यंत सावली पोचेल इतकी उंच कनात लावायची तर वाऱ्याचा विचार करावा लागतो, ते परवडणारं नव्हतं.

रेकॉर्डिंग

महिन्याभराने संस्थेच्या बैठकीत कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात यातलं काहीच नव्हतं. कॅमेरे ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्सवर होते, म्हणजे उजळपणा आणि रंग आपले आपणच ठरवत होते. पहिल्या मिनिटाला कॅमेऱ्याने अंधार उचलून उजळ केला, निळा ओढून करडा केला, आणि पुढे जसजसा उजेड वाढला तसतसा तो सगळा सपाट करत गेला. सहा वाजताचे आणि सात वाजताचे बुवा त्यात सारखेच दिसतात, मागे आधी करडा आणि मग अचानक केशरी पडदा. कॅमेऱ्याच्या चमूला आदल्या रात्री सगळं मॅन्युअल ठेवा, असं सांगून झालं होतं. सकाळी नवीन माणूस आला होता. कार्यक्रमाला येऊ न शकलेल्या एका विश्वस्तांनी विचारलं, “मग यात लाईटचं नेमकं काय केलं?” आजींची गोष्ट तिथे सांगण्यात अर्थ नव्हता. मी लक्सचे आकडे दाखवले. खजिनदारांना वीजखर्च कमी झाल्याचा आकडा जास्त आवडला.

पुढच्या वर्षीसाठी संस्थेला जे टिपण दिलं त्यात कॅमेऱ्याची अट पहिल्या ओळीत आहे: एक्स्पोजर माझ्या इशाऱ्यावर, व्हाइट बॅलन्स तेहेतीसशेवर सुरू आणि ठरलेल्या चार टप्प्यांत वर. दुसरी ओळ मंडपाची. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कुठेही येते. तेवढ्यात पुण्याचा सूर्योदय दहा-बारा मिनिटांनीच बदलतो, म्हणजे वेळांचा तक्ता थोड्या फेरफाराने दर वर्षी चालेल. पण सूर्य उगवतो ती जागा नऊ-दहा अंशांनी सरकते आणि उजवी कनात त्याप्रमाणे हलवावी लागेल. तेव्हा खांब पुरण्याआधी मला फोन करावा. मंडपवाल्याने त्या ओळीखाली आपला नंबर स्वतःहून लिहून दिला आणि विचारलं, चादर पुढच्या वर्षीही मरूनच का?